यंत्रांसाठी स्थळ

अलेक्झांड्रिया, मुहर्रम बे
१० ऑक्टोबर

नर्मीन पोरी,

सलाम. तुझी चिठ्ठी शहाताने आणून दिली. तो मासळी घेऊन कैरोला जातो आणि रिकाम्या खोक्यांबरोबर लोकांचे निरोप घेऊन येतो, त्यामुळे चिठ्ठीला बोय मासळीचा वास होता. तरी आईने ती उशीखाली ठेवली. आता उशी धुवायला टाकावी लागेल.

म्हणजे तुझी कंपनी यंत्रं अलेक्झांड्रियात आणणार! मी आईला सगळं समजावून सांगितलं. कुठलं औषध कुठल्या दुकानात शिल्लक आहे, हे देशभर सांगणारी तुमची यंत्रं कैरोत आहेत. तशीच आणखी एक जोडी इथे ठेवायची, कारण युरोपला जाणारी केबल आपल्याच किनाऱ्यावरून पाण्यात उतरते. त्यासाठी इमारत बांधायची नाही. असल्या कामाचा कुणाचा तयार हॉल असेल, तर त्यात भाड्याने जागा घ्यायची.

आई म्हणाली, "म्हणजे यंत्रं भाडेकरू."

मी म्हटलं, "अगदी बरोबर."

"आणि भाडेकरूंच्या पाठोपाठ नर्मीन येणार."

"तसं तिने काही लिहिलेलं नाही."

"तुम्ही पुरुष. तुम्हाला लिहिलेलं तेवढंच वाचता येतं."

तर जागा बघायचं काम माझ्याकडे दे. तुझ्या चुलत बहिणींची लग्नं ठरली तेव्हा मुलांचे फ्लॅट बघायला कोण गेलं होतं? नळ सोडून पाहिले, वरच्या मजल्यावर कोण राहतं ते विचारलं, जिन्यात उभं राहून शेजाऱ्यांची भांडणं ऐकली. सगळ्या सुखाने नांदताहेत. शिवाय आयुष्यभर मी कोळ्यांची बर्फाची कपाटं आणि खाटकांचे फ्रिज दुरुस्त केले. आता दुकानात हाताखाली माणसं आहेत, पण कॉम्प्रेसर खरंच आजारी आहे की ढोंग करतोय, हे सांगायला अजून माझेच कान लागतात. थंड खोली कशी असावी हे मला कुणी शिकवायला नको.

काय काय बघायचं ते लिही. तुझी खोली आईने रंगवायला काढली आहे. हिरवी करू की पिवळी, तेही लिही.

तुझा बाप,
मुतवल्ली


कैरो
१५ ऑक्टोबर

बाबा,

तुमच्या हातांना सलाम. खोली रंगवायची घाई करू नका, असं आईला सांगा. घाई का नको, असं तिने विचारलं तर विषय बदला.

काम मात्र खरंच तुमच्यावर सोपवते आहे. मला इथून हलता येत नाही आणि आमच्या साहेबांना तोंडी काही चालत नाही, सगळं कागदावर लागतं. म्हणून पत्रच लिहा, सविस्तर लिहा.

आम्हाला चालतील असे दोनच हॉल सापडले आहेत. एक स्मूहामध्ये, सब्री फंगरी नावाच्या गृहस्थांचा. दुसरा शहराबाहेर, मरियूतच्या टेकाडावर. जागा थंड हवी हे तर झालंच, पण त्याआधी ती कोरडी हवी. वीज दोन वेगवेगळ्या बाजूंनी आलेली हवी, म्हणजे एक गेली तर दुसरी असते. दोन्ही गेल्या तर जनरेटर, आणि जनरेटरला पुरेल इतकं डिझेल जागेवरच साठवलेलं. आमच्या यंत्रांभोवती जाळीचा पिंजरा असेल, त्याला कुलूप असेल, आणि त्या कुलपापर्यंत कोण पोचतं यावर लक्ष ठेवणारा माणूस असेल. बाकी कसं विचारायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

एकच विनवणी. बघा, ऐका, चहा प्या, पण कुणाबरोबर फातिहा वाचू नका. मला तुम्ही माहीत आहात. चहा संपत आला आणि माणूस मनात भरला की तुमचे हात वर होतात. फातिहा म्हटली की अल्लाच्या साक्षीने शब्द दिला. मग तो मोडला तर तुम्हाला मुहर्रम बेमध्ये तोंड दाखवायची सोय राहत नाही, आणि हा सगळा प्रकार मी कंपनीच्या वकिलांना कुठल्या भाषेत समजावू?

पिवळी बरी वाटेल. पण घाई नको.

तुमची नर्मीन


मुहर्रम बे
२६ ऑक्टोबर

नर्मीन पोरी,

दोन्ही स्थळं पाहिली. साहेबांना दाखवता येईल असं व्यवस्थित लिहितो.

स्मूहाचा हॉल म्हणजे, माशाल्ला, काय सांगू! पूर्वी तिथे लग्नं लागायची. नवरीचं आसन मांडायचे तिथे आता यंत्रं बसतात, म्हणजे जागेला मान आहे. सब्री फंगरी दारातच गळ्यात पडला. "हाजी, तुमच्या लेकीची यंत्रं म्हणजे माझ्याच लेकी!" रव्याची गोड बसबूसा आली, चहा आला, परत चहा आला. भिंती नुकत्याच रंगवल्या आहेत, खालपासून माझ्या कमरेपर्यंत तर दोन हात दिलेत. यंत्रं गुडघाभर उंच ओट्यावर ठेवली आहेत, राजे बसावेत तशी. खाली तळघरात कुठेतरी एक मोटर मांजरासारखी गुरगुरत होती. मी विचारलं, तर सब्री म्हणाला ताज्या हवेची. एकही दोष नाही. आपल्या घरापासून पायी जाता येतं. तू आत काम करत असशील तेव्हा आईचा डबा गरम गरम पोचेल. फक्त एक आहे, नोव्हेंबरातलं मकनसाचं वादळ येऊन रस्ते झाडून जायच्या आत सही होऊन जाऊ दे. सब्रीकडे आणखी गिऱ्हाइकं येताहेत. मकनसाच्या आधी, लक्षात ठेव.

आता दुसरं. मरियूतचं नाव काढू नकोस. वाटेत माणूस दिसत नाही, नुसते दगड आणि अंजिराची झाडं. फाटकावर बखीत नावाचा पहारेकरी.

"ओळखपत्र."

मी म्हटलं, "अरे, मी मुतवल्ली. मला सगळं अलेक्झांड्रिया ओळखतं."

"मग त्यांना बरोबर घेऊन या, हाजी. मी तिकडे दूर केनाचा आहे."

लायटर काढून घेतला. चप्पल बदलायला लावली. चहाचा ग्लास हातात होता, तो दाराबाहेर ठेवायला लावला. आत मारी नावाची इंजिनिअर बाई. मी चौकशी केली, वडील काय करतात, कुठल्या गल्लीतल्या. तिने उत्तरात विजेचा भार सांगितला. सगळं दोन दोन ठेवलंय, विजेच्या तारा दोन, जनरेटर दोन, डिझेलच्या टाक्या दोन. ज्याचा कशावरच विश्वास नाही असं घर. मी यंत्राला कान लावून उभा राहिलो, तर कुरबूर नाही, खोकला नाही. अशा मुक्या घरात कोण लेक देईल? आणि कोरडं इतकं की माझा घसा सुकला. हसतमुख माणूस औषधाला नाही. अशा ठिकाणी तुला जायला लागू नये अशी माझी प्रार्थना आहे.

तेव्हा स्मूहा. मकनसाच्या आधी.

तुझा बाप,
मुतवल्ली


कैरो
३१ ऑक्टोबर

बाबा,

तुमचं पत्र साहेबांना दाखवलं नाही. त्यांना तुमची भाषा येत नाही, म्हणून मी त्याचा अर्थ लावून वेगळा कागद लिहिला.

लहानपणी मी तुमच्याबरोबर मंशिय्याच्या बाजारात यायचे, आठवतं? ज्या कॉम्प्रेसरला तुम्ही दुकानदाराच्या आईवडिलांसकट शिव्या घालायचात, तोच घरी यायचा. ज्याची तोंड भरून स्तुती करायचात तो तिथेच राहायचा. आवडलेल्या वस्तूला तुम्ही आयुष्यात कधी चांगलं म्हटलेलं नाही, नजर लागेल म्हणून आणि भाव चढेल म्हणून. आणि आता सब्रींच्या हॉलमध्ये तुम्हाला एकही दोष दिसला नाही?

म्हणून विचारते. यंत्रं गुडघाभर ओट्यावर बसवली ती मानासाठी की पाण्यासाठी? रंगाचे दोन हात कमरेपर्यंतच का? ताज्या हवेची मोटर तळघरात काय करते? आणि ज्या माणसाने कधी कुठली घाई केली नाही, तो एका पत्रात दोनदा मकनसाच्या आधी, मकनसाच्या आधी का लिहितो? अलेक्झांड्रियातली कुठलीही जागा बघायची तर पहिल्या वादळात बघावी, हे मला तुम्हीच शिकवलंत.

मरियूतबद्दल मात्र तुम्ही इतकं वाईट लिहिलंत की मी तो हॉल जवळजवळ नक्की केला आहे.

रागावू नका. खरं काय ते लिहा.

नर्मीन


मुहर्रम बे
४ नोव्हेंबर

नर्मीन,

मुलीला इंजिनिअर केलं, तिथेच माझं चुकलं.

ठीक आहे. मोटर पाणी उपसायची आहे. कोरड्या दिवसात चालू होती, म्हणजे पाणी खालून झिरपतं. आवाज ऐकल्याबरोबर मला कळलं होतं. पण पंप चांगला आहे, हे साहेबांना लिहायला हरकत नाही.

आता तू मला एक सांग. असल्या हॉलमध्ये तुला कितीदा यावं लागेल? मी विचार केला, स्मूहाचा असेल तर सारखं यावं लागेल. आज ओल, उद्या बुरशी, परवा कुणीतरी झाडताना वायर उपटली. काही ना काही बिघडेलच, आणि बिघडलं की तू येणार, पिवळ्या खोलीत झोपणार, दोन दिवस राहणार. मरियूतच्या त्या मुक्या हॉलमध्ये काही बिघडायचं म्हटलं तरी बखीत ओळखपत्र मागेल. मग तू कशाला येशील? आईने मला हेच विचारलं. आता मी ते तुला विचारतो आहे. यात माझा काही डाव नाही. असला तरी तो बापाचा आहे.

दुसरं असं, की फातिहा झाली आहे. तू नको म्हटलं होतंस हे मान्य. पण सब्रीने हात वर केले. मी काय खिशात घालून बसू? हॉलच्या वरच्या कॉफीखान्यातले चार जण बरोबर होते, त्यांनीही आमेन म्हटलं. सगळ्या गल्लीला माहीत झालंय. आता नाही म्हणायचं तर माझं नाक कापलं जाईल. तू बघ.

मुतवल्ली


कैरो
८ नोव्हेंबर

बाबा,

तुम्ही मला सरळ विचारलंत, म्हणून सरळ लिहिते. तसं हे मी पहिल्याच चिठ्ठीत लिहायला हवं होतं.

मी यायचीच नाही. स्मूहा असो, मरियूत असो. चांगला हॉल म्हणजे जिथे कुणालाच यावं लागत नाही. सगळं दुरून चालतं, काही हलवायचं-जोडायचं असेल तर तिथलीच माणसं ते करतात. आईने खोलीला रंग काढला तेव्हा कागद घेऊन बसलेही होते. पण तुम्ही दोघं इतके खूश होतात की मला लिहवेना.

आणखी एक आहे. तुम्ही जिच्या या टोकाला जागा बघताय ना, त्या केबलचं दुसरं टोक मार्सेयला निघतं. तिथे कंपनी नवं ऑफिस उघडते आहे आणि ते मला चालवायला देताहेत. माझ्यापेक्षा जुन्या दोघांनी मागितलं होतं. मला मिळालं. अट एकच आहे, की अलेक्झांड्रियातली जोडी आधी उभी राहिली पाहिजे. तोवर मला सोडणार नाहीत. म्हणजे बाबा, तुम्ही इतका जीव लावून जी जागा शोधताय, ती मला लांब पाठवण्याची शेवटची पायरी आहे.

स्मूहाला मी माझ्या हाताने हो लिहिणार नाही. एखाद्या बाईला तिच्या मुलाचं इन्शुलिन कुठे मिळेल हे त्या यंत्रांनी सांगायचं असतं. ती तळघराच्या पाण्याजवळ मी ठेवणार नाही. पण तुमची मान खाली जावी असंही मला करायचं नाही. तुम्ही फातिहा वाचली आहे. ती मोडा असं मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्हाला ती मोडवत नसेल, तर साहेबांना कळवीन की अलेक्झांड्रियात योग्य जागा मिळाली नाही, पुढच्या वर्षी बघू. मार्सेयला दुसरं कुणी जाईल. मी इथेच असेन. खरंच चालेल मला.

तुम्ही म्हणाल तसं.

नर्मीन


मुहर्रम बे
२४ नोव्हेंबर

नर्मीन पोरी,

उत्तराला उशीर झाला. तुझ्या पत्राचा तो शेवटचा भाग मी बऱ्याच वेळा वाचला. "खरंच चालेल मला." पोरी, तू खोटं बोलतेस तेव्हा 'खरंच' म्हणतेस. लहानपणापासून.

तू फार वाईट सौदा पुढे ठेवलास. मी गप्प बसलो असतो तर माझा शब्द राहिला असता, अब्रू राहिली असती, आणि वर लेकही घरापासून दोन तासांवर राहिली असती. सगळीकडून माझाच फायदा. धंद्यात असा सौदा समोर आला की मी उठून जातो, कारण त्यात कुणीतरी फसत असतं. इथे कोण फसत होतं ते मला दिसत होतं.

आईला सांगितलं. ती अख्खा दिवस माझ्याशी भांडली, जणू मार्सेय मीच बांधलं. मग म्हणाली, "फातिहा तुम्ही वाचलीत ना? तुम्हीच जा."

आकाश स्वच्छ होतं, मकनसाचा पत्ता नव्हता. एक ढग असता तरी मला बरं वाटलं असतं. सब्री वरच्या कॉफीखान्यात बसला होता, त्या दिवशीचे चारही जण भोवती.

"या हाजी! लेकी कधी येताहेत माझ्या?"

मी म्हटलं, "सब्री, मी शब्द परत घ्यायला आलोय."

डॉमिनोच्या सोंगट्या थांबल्या. मुहर्रम बेचा एकही माणूस असं म्हणताना मी ऐकला नव्हता आणि पहिला मीच निघालो. एक जण म्हणाला, "फातिहा झालीय, मुतवल्ली. आम्ही आमेन म्हटलंय."

सब्रीने विचारलं, "का, ते तरी सांग."

आता का, ते त्यालाही माहीत असणार. पण त्या चौघांसमोर मी 'तुझ्या हॉलला ओल आहे' असं म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे एक गिऱ्हाईक उरलं नसतं. त्याच्या घरीही चूल आहे. मी म्हटलं, "मुलगी नाही म्हणते."

हे कारण आपल्याकडे सगळ्यांना कळतं. चौघांनी मान हलवली. एक पुटपुटला, "हल्लीच्या मुली." दुसरा म्हणाला, "बापाचं चालत नाही घरात." मी ऐकून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी असं म्हटलं.

सब्री मला जिन्यापर्यंत सोडायला आला. चौघांच्या कानाआड गेल्यावर म्हणाला, "तू खालची मोटर ऐकलीस."

"ऐकली."

"तरी वर बोलला नाहीस."

"नाही बोललो."

त्याने इकडेतिकडे बघितलं. "हाजी, तुझ्यापासून काय लपवू? माझे दुसरे लग्नाचे हॉल आहेत ना, त्यांचं बुकिंग ज्या यंत्रात आहे ते मी मरियूतला ठेवलंय."

"का रे?"

"इथे ओल येते."

आम्ही दोघं जिन्यात उभे राहून इतके हसलो की वरून कुणीतरी विचारलं, फातिहा पुन्हा झाली का?

पुढचे काही दिवस गल्लीत मीच विषय होतो. न्हाव्याने माझी दाढी करताना माझ्याबद्दलच मला सांगितलं. मग मकनसा आली. स्मूहात गुडघाभर पाणी, सब्रीच्या तळघरात पंपावर पंप, नवा रंग पाण्यावर तरंगत रस्त्यावर आला, आणि लोकांना बोलायला माझ्यापेक्षा चांगलं काही मिळालं. मी पावसातच टॅक्सी करून मरियूतला गेलो. आत मुंगी ओली नव्हती. बखीतने ओळखपत्र मागितलं.

तेव्हा साहेबांना लिही, मरियूत. वाईट जागा आहे. तीच घे.

तुझा बाप,
मुतवल्ली


कैरो
१२ डिसेंबर

बाबा,

सही झाली. मरियूतचा पिंजरा आपला. यंत्रं पुढच्या आठवड्यात जातील आणि मी जानेवारीच्या सुरुवातीला निघेन. त्याआधी घरी येते. आईला म्हणावं, मुलूखियाची भाजी कर आणि रडू नको, दोन्ही एकदम केलंस तर भांड्यात मीठ जास्त होतं.

तुम्ही जिन्याचं जे लिहिलंत तो कागद मी मार्सेयच्या सामानात सगळ्यात वर ठेवला आहे.  

एक कोरडी बाब. हॉलच्या नियमाप्रमाणे या शहरात राहणारा एक माणूस त्यांच्याकडे नोंदवावा लागतो. अडचणीच्या वेळी तो आमच्या वतीने पिंजऱ्यापाशी जाऊन उभा राहू शकला पाहिजे. कंपनीचं तिथे कुणीच नाही. मी तुमचं नाव दिलं. साहेबांनी विचारलं, अनुभव? मी लिहिलं, थंड खोल्यांचा, आयुष्यभराचा. काळजी करू नका, तुम्हाला कधी जावं लागणार नाही. तो हॉल तसा नाही.

तुमची नर्मीन


मुहर्रम बे
१९ फेब्रुवारी

नर्मीन पोरी,

मार्सेयला थंडी कशी आहे, जेवतेस काय, हे आई विचारते. तिने तुला फोन केला की तू तीन दिवसांनी उचलतेस. मीटिंग, मग दुसरी मीटिंग, मग झोप. मी म्हटलं, मोठ्या ऑफिसची माणसं असतात तशी. आईने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी उठून दुकानात गेलो.

आता कामाचं. गेल्या महिन्यात मरियूतहून बोलावणं आलं, पिंजऱ्यात कुठलासा दिवा नारिंगी झालाय, नोंदलेल्या माणसाने येऊन बघावं. मी गेलो. बखीतने ओळखपत्र मागितलं, मी ते आता गळ्यातच अडकवून जातो. पिंजऱ्यापाशी पोचलो तर मारीबाई म्हणाली, "थांबा. कुलूप उघडायच्या आधी जबाबदार अधिकाऱ्याने स्वतः फोन करून हो म्हणायला हवं. नियम आहे." तिने काहीतरी दाबलं. मी खुर्ची ओढून बसणार, तोवर माझ्या खिशातला फोन वाजला.

तू! "बाबा? काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, दिवा. तू म्हणालीस दिव्याचं काही नाही, ठीक आहे, उघडा. मग म्हणालीस, तुमचा आवाज बसलाय का? आपण बोललो. तुझ्या आठवणीत असेल.

पुढच्या गुरुवारी मी पुन्हा गेलो. तो दिवा नीट वागतोय ना, बघायला नको? नोंदलेला माणूस मीच. मारीबाईने दाबलं, तू फोन केलास. त्याच्या पुढच्या गुरुवारी आई म्हणाली, मीही येते, मला दिवा बघायचाय. बखीतने तिला आत सोडलं नाही, नियम म्हणजे नियम, तेव्हा ती बाहेर अंजिराच्या झाडाखाली बसली आणि मी आत तुझ्याशी जरा बोलून फोन घेऊन बाहेर आलो. आईने तुला विचारलं ते तुला माहीतच आहे. बखीत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी म्हटलं, "काय रे, हे नियमात बसतं?" तो म्हणाला, "हाजी, माझीही आई केनाला आहे."

मारीबाई भेटीचं कारण विचारते. मी 'पाहणी' सांगतो. ती तसं लिहून घेते, तोंडावरची रेष हलत नाही. आज जाताना मात्र तिने पहिल्यांदा विचारलं, "तुमच्या मिसेस बऱ्या आहेत?"

बाकी बिघाड काही नाही. आतून कुरबूर नाही, खोकला नाही. इतकी वाईट जागा मी आयुष्यात पाहिली नाही. पण पाहणी केलेली बरी.

तुझा बाप,
मुतवल्ली


मार्सेय
५ मार्च

बाबा,

थंडी आहे. जेवते.

मरियूतहून इंजिनिअर मारींचं अधिकृत पत्र आलं आहे. त्या लिहितात, "आपले नोंदलेले प्रतिनिधी श्री. मुतवल्ली यांच्या भेटी अत्यंत नियमित दिसतात. त्यांना कायमची परवानगी दिल्यास प्रत्येक वेळी आपल्याला फोन करण्याचा त्रास पडणार नाही." खाली रिकामी जागा होती, माझ्या सहीसाठी.

साहेबांनी तो कागद पाहिला आणि म्हणाले, उगाच तुमचा वेळ जातो, करून टाका सही.

मी त्यांना लेखी उत्तर दिलं, कारण त्यांना तोंडी काही चालत नाही. लिहिलं, की या यंत्रांवर आजारी माणसं अवलंबून आहेत. एवढ्या नाजूक जागी ढिलाई योग्य नाही. कुलूप उघडण्याआधी प्रत्येक वेळी मी स्वतः खात्री करून घेणं आवश्यक आहे, आणि पाहणी आठवड्यातून एकदा तरी व्हावी अशी माझी शिफारस आहे. साहेबांनी मंजूर केलं. वर शेरा मारला, "शिस्त स्तुत्य."

फक्त एक अडचण आहे. गुरुवारी माझी मीटिंग चारपर्यंत चालते, आणि मागच्या वेळी मी ती सोडून बाहेर जिन्यात येऊन बोलत होते. तेव्हा इथून पुढे पाहणी चारनंतर ठेवा. म्हणजे मला बसून बोलता येईल.

आईलाही आणत जा. झाडाखाली तिरपी उन्हं येतील, छत्री घ्या.

तुमची
नर्मीन